हिरवी संत्री आणि माझा व्हिडिओ

बुधवार, संध्याकाळ

आज मी फोनवर गाजलो! पाट्या रंगवायला मी कुणाकडे शिकलो नाही, तरी अक्षरासाठी लोक प्रतापनगरात माझं दुकान शोधत येतात. आणि आज गाजलं काय, तर माझं तोंड.

दुकानासमोर वैशाली संत्र्यांची गाडी लावते. पोरगी बावीस वर्षांची. आजचा माल आंबिया बहाराचा, आतून गोड, पण साल हिरवी. गिऱ्हाईक आंबट समजून पुढे जाई. दुपारपर्यंत गाडी भरलेलीच. मी म्हटलं, पाटी रंगवून देतो, 'रंगावर जाऊ नका'.

"पाटी वाचाले थांबते कोण, काका? तुम्ही एक खाऊन पाहा जी."

सोललं. सवयीने फोडी मोजल्या. अकरा. बिया तीन. रस कोपरापर्यंत ओघळला. वर पाहतो तर हिचा फोन माझ्यावर रोखलेला! शर्टावर रंग, दाढी दोन दिवसांची... विचारायला नको? मी रागावेपर्यंत व्हिडिओ तिच्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर गेलासुद्धा.

अर्ध्या तासात बाया पिशव्या घेऊन हजर.

"फोडी मोजणारे काका हेच काय वं?" एकीने वैशालीला विचारलं.

अकराच होत्या, मी ठासून सांगितलं. सहाच्या आत गाडी रिकामी झाली.

गाडी झाडता झाडता वैशाली म्हणाली, "उद्याही हाच माल आहे, काका. दाढी करून याजा."

मी असाच येईन, असं तिला म्हटलं खरं. पण आताच दाढी करून बसलोय.