छत्री यंत्रावर

१४ मार्च

प्रिय खुंट्या,

नमस्कार. तू खुशाल नाहीस हे कळलंय, म्हणून ते विचारत नाही.

आधी माझं गाऱ्हाणं ऐक. नऊ दिवस झाले, चष्मा नाकावर बसत नाही. चष्मा आहे, नाक आहे, पण दोघांचं बोलणं बंद. एका हातानं चष्मा धरून दुसऱ्यानं लिहितोय. जन्मभर रस्त्यांच्या रेषा आखणाऱ्याच्या ओळी तिरक्या! हसून घे.

काल वहिनींचा फोन आला. चौदा वर्षांत पहिला. तुझ्या कानाच्या टोकावर खपली धरते, निघते, रक्त येतं, पुन्हा धरते. चार महिने झाले. तू म्हणे सांगतोस, "वस्तऱ्याचं लागलंय." कानाच्या टोकाची दाढी करणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

नाकाचं सांगून टाकतो. त्यावर अशीच खपली होती. मी चष्म्यावर आळ घेतला, तीन फ्रेमा बदलल्या. शेवटी त्वचेच्या डॉक्टरबाईंनी तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. आता कापून काढलाय, सगळा. पट्टी आहे, बाकी माणूस पूर्वीइतकाच असह्य.

मी म्हटलं, "उन्हानं माणूस रापतो, बाई. कॅन्सर कसा होईल?" त्यांनी समजावलं, आणि मला आपली जमीन मोजायची साखळी दिसली. पेशीत डीएनएची साखळी असते. उन्हातले अतिनील किरण बसले की शेजारच्या दोन कड्या एकमेकींना चिकटतात. पेशी तेवढा भाग कापून नवा बसवते, रोज, न कंटाळता. पण वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की कधीतरी चुकीची कडी बसते, आणि ती चूक पुढच्या प्रत्येक पेशीत उतरते. त्यावरही एक राखणदार असतो, पी-५३ नावाचा. तो म्हणतो, "थांबा, आधी दुरुस्त करा!" दुरुस्त होण्यासारखं नसेल तर पेशीला मरायला लावतो. चूक नेमकी त्याच्याच जनुकात झाली, की थांबा म्हणणारं कुणी उरत नाही. पेशी वाढत सुटतात.

आपल्या मोजणीच्या तुकडीत खुंट्या ठोकणारा तू, आणि थांबा म्हणणाराही तूच होतास. "साहेब, साखळी अडकलीय, पुन्हा मोजू." मी तुला गप्प बसवायचो.

आणि चौदा वर्षांपूर्वीची ती दुपार. मोजणीच्या यंत्राला ऊन लागलं की त्याच्या पातळी दाखवणाऱ्या नळीतला बुडबुडा सरकतो, म्हणून छत्री यंत्रावर. सावलीत यंत्र आणि मी. धरणारा तू बाहेर. (माझं नाक तेवढं उन्हात. कुठेही खुपसायची सवय.) तू छत्री वीतभर स्वतःकडे ओढलीस, आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो, "यंत्र महत्त्वाचं आहे, तुझा कान नाही!" तू छत्री खाली ठेवलीस आणि गेलास तो गेलासच. छत्री तुझ्या घरची होती.

काल वहिनी "कान" म्हणाल्या आणि मला पुढचं ऐकूच आलं नाही. पुन्हा सांगायला लावलं.

बाई म्हणतात, वेळेवर आलं तर एवढ्याशा कापण्यावर भागतं. मंगळवारी दहाची वेळ घेतली आहे, तुझ्या नावानं. मी नऊला दाराशी येतो. वस्तऱ्याची गोष्ट त्यांना सांग, मला नको.

छत्रीला नवं कापड घालून घेतलंय, दांडा तोच. बसथांब्यापासून दवाखान्यापर्यंत सरळ ऊन आहे. मी धरीन. तू आत चाल.

तू पाठीमागे म्हणायचास तोच,
बुडबुडासाहेब