डावा कंट्रोलर

प्रिय डावरे,

शनिवारी कॉलेजच्या कँटीनमध्ये तू त्याला हरवलंस, त्या क्षणापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तू त्याच्यासोबत बसली होतीस म्हणून नाही. म्हणजे, म्हणूनही. पण खरं कारण वेगळं आहे, आणि ते लिहिल्याशिवाय मला धड घास गिळता यायचा नाही.

मी कँटीनवाल्याचा मोबाइल द्यायला आलो होतो. मामाच्या दुकानात दुरुस्ती शिकायला लागल्यापासून ही हमालीही माझ्याच गळ्यात असते. बघतो तर कोपऱ्यातल्या टेबलावर तुझा तो दोन्ही बाजूंचे कंट्रोलर सुटे होणारा गेम उभा केलेला, आणि एकेक कंट्रोलर हातात घेऊन तुम्ही दोघं त्या इवल्याशा पडद्यासमोर डोक्याला डोकं लावून बसलेले. तो, तुझा प्रोजेक्टचा नवा जोडीदार. सरांशी वाजलं आणि मी कॉलेज सोडलं, तेव्हा लॅबमधली माझी खुर्ची त्याला मिळाली. खुर्चीचं एक वेळ सोड. पण खुर्चीबरोबर गेमसमोरची जागाही मिळते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि काय ते त्याचं हसणं, घोरल्यासारखं.

तू शर्यत जिंकलीस आणि टेबलावर थाप मारून ओरडलीस, "हरलास की रे गाढवा, ऊठ, कॉफी आण." सगळं कँटीन वळून बघायला लागलं. गाढव तो झाला आणि जळलो मी. मला तू आजवर एकदाही गाढव म्हणाली नाहीस.

आठवतं ना, तुमच्या गच्चीच्या जिन्यात बसून आपण किती खेळलो? दर वेळी मीच जिंकायचो. तू डावा कंट्रोलर घ्यायचीस. त्याची जॉयस्टिक बिघडलेली, बोट लावलं नाही तरी गाडी डावीकडे ओढायची. "मी डावरी, मला हाच बरा," म्हणायचीस. वळणावर तुझी गाडी कठड्याखाली गेली की सुस्कारा टाकून म्हणायचीस, "तुझ्यापुढे कुणाचं काय चालतंय, राजा." मी टम्म फुगायचो. मनात म्हणायचो, पोरगी आपल्यासाठी मोडका कंट्रोलर घेते, आणखी काय पुरावा पाहिजे?

शनिवारीही तुझ्या हातात तोच डावा होता. त्याच मोडक्या कंट्रोलरने तू त्याला धूळ चारलीस. एकाही वळणावर पडली नाहीस.

तेव्हा मला लहानपणीचा शब्द आठवला. लिंबूटिंबू. लपाछपीत ज्या पोराला खेळायला घ्यावं तर लागतं, पण सापडलं की ते भोकाड पसरतं, म्हणून त्याच्यावर राज्य कधी येतच नाही. सगळे त्याला सांभाळून घेतात आणि त्याला वाटतं, आपण लई भारी. त्या जिन्यात दोन वर्षं मी तुझा लिंबूटिंबू होतो. आणि तो घोरणारा आल्या आल्या खरा भिडू झाला.

आज तुमच्या घरी भांडायलाच आलो होतो. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "बस, येईलच ती. आणि जाताना दार आपटू नकोस बाबा, मागच्या वेळी तू मोडलेली बिजागरी कालच बदललीय." त्या आत गेल्या. टेबलावर गेम चार्जिंगला लावलेला होता. डावा कंट्रोलर काढून मी एकटाच खेळून बघितलं. पहिल्याच वळणावर कठड्याखाली. परत खेळलो, परत तेच. कंट्रोलर भिंतीवर फेकणारच होतो, पण खिशात दुकानातला स्क्रू-ड्रायव्हर होता, आणि कधीची तुझ्यासाठी आणून ठेवलेली नवी जॉयस्टिक.

बसवली. आता गाडी सरळ जाते. इथेच बसून हे पत्र लिहितोय, ते त्यासाठीच. आता तुझ्याकडे सबब उरलेली नाही. यापुढे माझ्याकडून हरलीस तर मुद्दाम हरलीस हे मला कळेल. त्याला हरवलंस तसं मला हरव, कॉफी आणायला पाठव, चारचौघांत ओरड. मी चिडेन, नाही असं नाही. पण एकदा माझ्यावर राज्य येऊ दे. आणि तोवर त्याला ही नवी जॉयस्टिक वापरायला देऊ नकोस, एवढं तरी ऐक. खाली तुझा आवाज येतोय, आणि मागोमाग ते घोरणं. समोरासमोर आलो तर माझ्या तोंडाचा भरवसा नाही, म्हणून मागच्या जिन्याने निघतो. दार हळूच ओढून घेतोय. खोटं वाटत असेल तर काकूंना विचार, आवाज आला का ते.

तुझाच,
गाढव