नदीकडची खोली

छोट्या,

आईला घेऊन मी सकाळच्या गाडीने पुढे निघाले. फोन करू नकोस, उचलणार नाही. दूध तापवलंय, गार झालं की फ्रीजमध्ये ठेवायचे तेवढे कष्ट घे.

तू ठरवलेल्या हॉटेलात आम्ही उतरणार नाही. खिडकीखाली नदी, समोर जुना दगडी पूल, असे फोटो नाचवत तू महिनाभर आमचं डोकं खाल्लंस. आई ‘चालेल’ म्हणाली आणि तू लगेच बुकिंग करून मोकळा झालास. आईचं ‘चालेल’ म्हणजे ‘नको’, हे या घरातल्या मांजरालासुद्धा कळतं.

ती माहेरच्या गावी मैत्रिणीला भेटायला चालली आहे. नदी बघायला नाही. मामा त्याच पुलाखाली बुडाला, हे लहानपणापासून ऐकत आलायस. लग्नानंतर ती इतक्या वेळा तिकडे गेली, एकदा तरी नदीकडच्या रस्त्याने गेलेली पाहिलीस? पण तुला काय, देखावा पाहिजे!

आम्ही बाजारामागच्या साध्या लॉजवर राहतोय. खिडकी उघडली की समोर भिंत. फोटोत ती भिंत बघूनच आई म्हणाली, “हेच घे गं.” इतकं ठाम ती कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

तुझी खोली मी रद्द केलेली नाही. ये, खिडकीत आरामात बस आणि ज्याचं नाव तुला ठेवलंय, त्याची नदी डोळे भरून बघ.

ताई