दोघांनी बदललेलं पाणी

रविवार, ९ मार्च

प्रिय टिल्लू,

ताईचे आशीर्वाद. हे पत्र जेवून मग वाच, हा हुकूम समज. उपाशीपोटी तू फार लवकर चिडतोस.

तू बरा असशील असं धरून चालते. बाबा बरे आहेत. गुडघा कुरकुरतो, चष्म्याचं दुकान आता सकाळचंच उघडतात. गिऱ्हाइकाच्या काचेवर बोटाचा डाग दिसला की त्याच्या नाकावरून चष्मा काढून पुसून देतात, ते मात्र अजून तसंच आहे. माझं विशेष काही नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "टाकी कशी आहे?" विचारतोस, मी "ठीक" म्हणते. बाबांचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. पत्राला रेंज लागत नाही.

तर, टाकी ठीक नव्हती. काचेच्या टाकीतल्या तुझ्या लाल कोळंब्या मरत होत्या आणि मी तुला खोटं सांगत होते. आता सगळं नीट सांगते, मध्ये तोंड घालू नकोस.

जाताना तू बजावलं होतंस, पाणी स्थिर ठेव, बाकी त्या त्यांचं बघून घेतील. मी अक्षरशः डोळ्यांत तेल घालून करत होते. रविवारी छोटी बादलीभर पाणी काढायचं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडावा म्हणून आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी बारीक नळीनं थेंबथेंब सोडायचं. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या त्या पाण्यातच हलकेच पिळायचा, कारण पाणी साफ करणारे जंतू त्या काळपट स्पंजातच राहतात. हे मला तोंडपाठ आहे. औषधांच्या दुकानात काम करून जंतू सांभाळायचे, मारायचे नाहीत, हे अंगवळणी पडायलाच वेळ लागला.

एवढं करूनही त्या मरत होत्या. मानेपाशी पांढरं कडं दिसायचं, कात अर्धीच सुटायची आणि दुसऱ्या दिवशी ती कोळंबी तळाशी आडवी. सकाळी बाबा दुकानात गेले की मी ती काढून गॅलरीतल्या कुंडीत पुरायची. त्यांना कळलं असतं तर "मी म्हणत नव्हतो?" एवढंच म्हणाले असते, पण तेही ऐकायचं माझ्यात त्राण नव्हतं. माशांच्या टाक्यांच्या त्या नोकरीसाठी तू घर सोडलंस त्या दिवशी ते काय म्हणाले होते, आठवतंय ना? "काचच पुसायची होती तर चष्म्याची पुसायचीस. माशांच्या पेट्या पुसायला घर सोडतोस?" आणि तू म्हणालास, "तुम्हाला फक्त काच दिसते, आतलं काही दिसत नाही." त्यानंतर दोन वर्षं दोघंही मूग गिळून बसलायत.

मागच्या महिन्यात दाढ ठणकायला लागली म्हणून मी दुपारीच घरी आले. स्वयंपाकघरातला नळ वाहत होता. बाबा पाठमोरे उभे, कपाळावर दुकानातलं ते डोळ्याला लावायचं भिंग, बाह्या वर केलेल्या, आणि हातात तुझा स्पंज. नळाखाली धरून असा पिळत होते, की त्यातून आणखी काळं निघालं तर त्यांच्या इभ्रतीला बट्टा लागेल. शेजारी बादलीत टाकीतलं पाणी काढून ठेवलेलं.

मी विचारलं, "काय करताय?"

"दिसत नाही? घाण झाली होती."

"अहो, पाणी मी रविवारीच बदललंय."

"मी काल बदललं." मग नळ बंद करून म्हणाले, "आजही बदलणार होतो."

आम्ही दोघं त्या स्पंजाकडे बघत उभे राहिलो. दाढ दुखतेय हेही मी विसरले.

हळूहळू सगळं बाहेर आलं. तू गेल्यापासून हे चाललं होतं. मी कामावर गेले की बाबा टाकी उघडायचे. काचेवर जराशी शेवाळी दिसली तर पुसायचे, स्पंज धुवायचे, पाणी बदलायचे, तेही थेट नळाचं. मी माझ्या वेळी, ते त्यांच्या वेळी. घरात दोनच माणसं, आणि एकमेकांना ताकास तूर लागू दिली नाही. त्या बिचाऱ्या जिवांना आठवड्यात किती वेगवेगळी पाणी सोसावी लागत होती, कोण जाणे. आपण त्यांना आळसानं नाही मारलं, टिल्लू. काळजीनं मारलं.

मग बाबा आत गेले आणि चष्म्याची एक जुनी डबी घेऊन आले. आतल्या मखमलीवर वाळलेल्या, काचेसारख्या पारदर्शक कोळंब्या ओळीनं ठेवल्या होत्या. खाली मान घालून म्हणाले, "या माझ्या हातून मेल्या. तुला दिसू नयेत म्हणून काढून ठेवल्या. तू त्याला कळवलं असतंस."

मी म्हटलं, "बाबा, ही कात आहे. मोठ्या होताना टाकतात त्या. यातली एकही मेलेली नाही."

त्यांनी भिंग डोळ्याला लावून एकेक कात उजेडात धरून पाहिली. पोकळ आहे अशी खात्री पटल्यावर त्यांचा चेहरा इतका हलका झाला, की कुंडीत काय पुरलंय ते सांगायचं माझ्या जिवावर आलं. पण सांगितलं. तेव्हापासून ते त्या कुंडीला रोज पाणी घालतात. 

आम्ही ठरवलं, आता हाताची घडी. स्पंज परत लावला आणि रविवारखेरीज टाकीला कुणी हात लावायचा नाही. उरलेल्या कोळंब्यांना दाणे अगदी चिमूटभर. मला ते सोपं गेलं, बाबांचे मात्र हाल झाले. काचेवर हिरवट थर चढत होता आणि ते खुर्चीवर हात मांड्यांखाली दाबून बसायचे. एकदा नुसता रुमाल काढला, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःचाच चष्मा पुसून परत ठेवला. मला हसू आलं आणि रडूही आलं.

आता मला जे लिहायचं आहे ते मी इतका वेळ टाळतेय. मी थकलेय रे. टाकीनं नाही. तुमच्या दोघांच्या मध्ये राहून. तू फोनवर म्हणायचास, "त्यांना सांग, मी त्यांच्याविना मजेत आहे," आणि मी बाबांना सांगायची, तो मजेत आहे. ते म्हणायचे, "त्याला म्हणावं, आता तोंड दाखवू नकोस," आणि मी तुला सांगायची, बाबांनी विचारलंय. सगळा गाळ माझ्याकडे, तुम्हाला दोघांना स्वच्छ पाणी. त्या स्पंजाला निदान रविवारी कुणीतरी पिळतं तरी. आई असती तर तिनं तुम्हाला समोरासमोर बसवलं असतं. मला ते जमलं नाही आणि आता जमवायचंही नाही.

आमच्या मालकांची दुसऱ्या गावात नवी शाखा निघतेय. ती सांभाळायला मला विचारलं. मी हो म्हटलंय. पुढच्या महिन्यात जाईन. माझं विशेष काही नाही असं वर लिहिलंय ते खोडत नाही; सवयीनं लिहिलं गेलं.

बाबांना परवा सांगितलं. ते उठून टाकीपाशी जाऊन बसले. मला वाटलं, चिडले. मग म्हणाले, "टाकीचं पाणी रविवारीच बदलायचं ना?" मी हो म्हटलं. "आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं." मी पुन्हा हो म्हटलं. टाकी द्यायची का कुणाला, असं मी विचारणार होते, ते गिळलं.

आज सकाळी त्यांनी मला हाक मारून टाकीपाशी नेलं. हिरवट काचेला बोटाएवढी मोकळी जागा राहिली आहे, तिथे भिंग लावून ते बसले होते. एका कोळंबीच्या पोटाखाली अंडी आहेत. मीही पाहिली, मोहरीपेक्षा बारीक, आणि ती पायांनी त्यांना सारखा वारा घालत होती. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. बाबा म्हणाले, "पिल्लं एवढीशी निघतील. फिल्टर त्यांना ओढून घेणार नाही ना? त्याला विचार."

मी म्हटलं, "तुम्हीच विचारा."

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. तेव्हापासून घरातला फोन त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवलेला आहे. तो एरवी कपाटावर असतो.

उत्तर मला माहीत आहे. तूच सांगितलं होतंस, स्पंजात काही ओढलं जात नाही, उलट पिल्लं त्याच्यावर बसूनच वाढतात. पण मी त्यांना ते सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. अंडी फुटेपर्यंत ते याच काळजीत बसून राहणार आहेत, टिल्लू. फोन तू कर.

मी उचलणार नाही.

तुझी,
आता मध्ये नसलेली
ताई