समासातला ताळा

सर, आज वर्गात मी डस्टर फेकून मारला. तुमच्याच कॉलेजात, तुमच्याच जागेवर आता मी गणित शिकवतो. डस्टर एका पोरीच्या कानाजवळनं जाऊन भिंतीवर आपटला. तिच्या आणि तिच्या शेजारणीच्या पेपरात हुबेहूब एकच रीत होती आणि कुणी कुणाचं बघून लिहिलं म्हणून मी बोंबलत होतो. शेजारणीकडं बोट करून ती म्हणाली, "बघून न्हाय सर, हिनं मला शिकवलंय." हेच वाक्य मी तुमच्या वर्गात ऐकलं होतं.

आमच्या वर्गातला हुपरीहून येणारा पोरगा आठवतो तुम्हाला? त्याच्या घरी चांदीचे पैंजण करायचे. चांदी घेताना वजन, पैंजण झाले की परत वजन. त्याच सवयीनं तो गणिताचं उत्तर उलटं फिरवून मूळ गणित परत येतंय का बघायचा आणि तो ताळा समासात चौकट आखून लिहायचा. तुमचं शिकवणं माझ्या डोक्यावरनं जायचं. हा पठ्ठ्या कँटीनमागं आम्हा चौघांना रोज तासभर बसवायचा आणि चुकलं की खेकसायचा, "अरं रेड्या, ताळा कर की!" चाळीसपैकी नऊ मिळवणारा मी चौतीसवर गेलो. तुम्हाला मात्र आमच्या पाचही पेपरांत तीच चौकट दिसली.

तुम्ही त्याला पुढं ओढलंत. फळ्याची लाकडी पट्टी आधी खांद्यावर, मग पाठीवर, मग कानावर. पट्टी मोडली तरी तुम्ही थांबला नाहीत. रक्त कॉलरवर उतरलेलं, आणि तो एकच म्हणतोय, "शिकवलंय सर, दाखवलं न्हाय." मोडका तुकडा माझ्या छातीवर टेकवून तुम्ही विचारलंत, "तू बोल. दाखवलं की न्हाय?" मी म्हटलं, "दाखवलं, सर." मग तुम्ही त्याला लाथ घातलीत. तो परत कॉलेजात आला नाही.

इतकी वर्षं मी तुम्हालाच शिव्या घातल्या, अगदी तुमच्या मयतीतसुद्धा. राक्षस होतात तुम्ही. पण त्यानं मला काही दाखवलं नव्हतं, सर. पुढची पट्टी माझ्यावर पडेल म्हणून मी खोटं बोललो.

त्या पोरीची मी आज सगळ्यांसमोर माफी मागितली. हे पत्र कुठं टाकणार? तुम्हाला लिहायला सोपं जातं, तुम्ही मेलायत, उलटून काही विचारणार नाहीत. तो हुपरीतच पैंजणांना पॉलिश करतो, डाव्या कानानं त्याला ऐकू येत नाही म्हणे. हुपरीची बस रोज माझ्यासमोरनं जाते. मी अजून एकदाही तिच्यात चढलेलो नाही.