बास थांबतो ती जागा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणसाठ, व्यवसायाने पियानोवादक, हृदयाने नादुरुस्त परंतु बुद्धीने शाबूत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. प्रथम एक तक्रार. आम्हां चौघांच्या एकमेव जॅझ तबकडीच्या वेष्टनावर सॅक्सोफोनवाला दादा आपादमस्तक छापला आहे. माझा केवळ डावा कोपर. पुढील आवृत्तीत हा अन्याय दूर व्हावा.

१. राहते घर पत्नीला. तीस वर्षे तिने माझा सराव भिंतीपलीकडून सोसला. आता भिंतही तिचीच.

२. पियानो कोणत्याही शाळेला द्यावा, मेव्हण्याला मुळीच नको. तो त्यावर कुंड्या ठेवील.

३. कपाटातली त्या तबकडीची मूळ टेप लेकीला. मात्र तिने आधी हे वाचावे. तिसऱ्या रचनेत चौथ्या मिनिटाला बास, म्हणजे ते खर्जाचे तंतुवाद्य, थांबतो. त्या मौनावर जाणकारांनी लेख लिहिले, 'केवढा हा संयम!' वगैरे. वस्तुस्थिती अशी: ध्वनिमुद्रण चालू असताना सॅक्सोफोन थांबेपर्यंत कोणी थांबायचे नाही, हा दादाचा नियम. दादा डोळे मिटून वाजवत होता, ड्रमवाला पाठमोरा. बासवाला माझ्या समोर. तो भिंतीला टेकला, मग हळूहळू खाली बसला. मी पाहिले. पुढची पाच मिनिटे आम्ही वाजवत राहिलो, आणि इतके सुंदर मी पुन्हा कधी वाजवले नाही.

डॉक्टर म्हणाले, "जरा आधी बोलवायचंत हो."

दादा म्हणाला, "टेक मात्र झाला."

मी मान डोलावली.

४. बासवाल्याच्या पत्नीला 'वहिनी, तो क्षणात गेला' असे मी सांगितले होते. ते खोटे होते. हे कलम तिला वाचून दाखवावे, शक्यतो दादाने.

५. लेक आता दादाच्या नव्या चमूत बास वाजवते. तिने तो चमू सोडावा, ही माझी अंतिम इच्छा. तोंडी विनंती करून झाली आहे.

"मान वर केली की सूर गेला, असं दादाकाका म्हणतात."

"जाऊ दे गं एखादा सूर."

"बाबा, हे तुम्ही म्हणताय?"

स्थळ: घराची मागची खोली. दिनांक अकरा, मंगळवार, सकाळ.
साक्षीदार: आमचे डॉक्टर, पियानोचे सूर लावणारे गृहस्थ.
सही.

पुरवणी. साक्षीदार चहा घेऊन गेले. खालच्या ओळींना कायद्यात किंमत नाही, हे मला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात लेकीच्या सरावाच्या वेळी माझ्या छातीत कळ आली. दाराची चौकट धरून मी खाली बसलो. तिने पाहिले, आमची नजरानजर झाली. तिची बोटे थांबली नाहीत. रचना संपली, मग तिने पाणी आणले. म्हणाली, "दोनच मिनिटं उरली होती, बाबा."

आणि मला राग आला नाही. आधी वाटले, काय वाजवते पोरगी!

मरणाची तयारी वर केली आहेच. मला माझ्या लेकीची भीती वाटते.