महागाच्या टाइमात रिकामी मिल

मूल, मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज मूर्खपणा केला. मुद्दाम केला.

विजेचे दर बदलले तेव्हापासून आपली राइस मिल उन्हातच चालते. कारखान्याले दिवसा वीज स्वस्त, संध्याकाळी महाग. म्हणून पाच वाजले की मीच स्विच पाडतो. हिशेब बरोबर आहे. पण माणसं आपापल्या घरी जातात, अन् मी? बायको सुमन वारली, पोरगी सासरी. आधी धानाच्या हंगामात रात्रीचं जेवणही मिलमध्येच व्हायचं, पट्ट्याच्या आवाजात सगळे ओरडून बोलायचे. आता घरात बोललो की आपलाच आवाज मोठा वाटते.

आज दिवेलागणीले परत मिलमध्ये गेलो अन् मशीन सुरू केली. धान न टाकता, रिकामीच. पट्टा फिरायला लागला, वरचे पत्रे थरथरले, तेव्हा कुठं बरं वाटलं.

ऑपरेटर रामाजी बाजूच्याच मोहल्ल्यातला. आवाज ऐकून धावत आला.

"भाऊ, काऊन चालू केली? महागाचा टाइम आहे ना आता!"

"पट्टा आवाज करून राह्यला. तेच पाहून राह्यलो," मी म्हटलं.

पट्ट्याले काय होणार? परवाच तर रामाजीनं स्वतः नवा टाकला. तो पट्ट्याजवळ गेला, कान देऊन उभा राह्यला, मंग माझ्या बाजूले पोत्यावर बसला.

"हो भाऊ, करते थोडा," तो म्हणाला. "राहू द्या चालू. आयकू जरा वेळ."